सरकारी सेवा खरोखर सुधारली हे कसे ओळखावे? आंध्र, झारखंड आणि उदयपूर येथील प्रयोगांवर चर्चा

माणदेशी

ग्रामीण भागातील सरकारी योजनांच्या पाहणीचे काम मी बऱ्याच वर्षांपासून करतो. एखादी नवी पद्धत सुरू झाली की तिचा अहवाल बहुधा ती सुरू करणारे खातेच लिहिते, आणि त्यात किती यंत्रे बसवली, किती कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले, किती व्यवहार ऑनलाइन झाले यांचे तक्ते असतात. मजुराच्या हातात मजुरी किती दिवसांनी पडली, विधवा बाईला निवृत्तिवेतनासाठी किती हेलपाटे घालावे लागले, हे त्या तक्त्यांत शोधूनही सापडत नाही. या प्रश्नावर भारतात गेल्या वीस वर्षांत फार कसून संशोधन झाले आहे आणि ते जगभर वाचले जाते, पण मराठीत त्याची चर्चा क्वचितच दिसते. म्हणून हा धागा काढतो आहे. ज्या दोन अभ्यासांनी माझ्या विचारांना सर्वांत जास्त वळण दिले, त्यांपासून सुरुवात करतो. दोन्ही अभ्यास कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांनी केलेले आहेत.

पहिला अभ्यास अविभाजित आंध्र प्रदेशातला, 2010 ते 2012 या काळातला. तेथे रोजगार हमीची मजुरी आणि समाजसुरक्षा निवृत्तिवेतन पूर्वी टपाल कार्यालयातून किंवा गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांमार्फत मिळत असे. त्याऐवजी बोटांच्या ठशांवरून ओळख पटवून गावातच पैसे देणारी स्मार्टकार्ड पद्धत राज्य सरकारने आणली, आणि पैसे वाटण्याचे काम गावातल्याच, बचत गटातल्या एखाद्या महिलेकडे सोपवले. आठ जिल्ह्यांतील 157 मंडलांपैकी (मंडल म्हणजे आपल्या तालुक्यासारखा, पण लहान विभाग) ही पद्धत कोठे आधी पोहोचणार आणि कोठे नंतर, हे सोडतीने ठरवायला सरकार तयार झाले. त्यामुळे सुमारे 1 कोटी 90 लाख वस्तीच्या प्रदेशात खरीखुरी तुलना शक्य झाली. नंतर पाहणी करणारे लोक घरोघरी गेले आणि प्रत्यक्ष मजुरांना विचारून त्यांनी त्यांची उत्तरे सरकारी नोंदींशी ताडून पाहिली. मजुरी घ्यायला लागणारा वेळ सुमारे एक पंचमांशाने कमी झाला होता, पैसे लवकर मिळू लागले होते, रोजगार हमीतून कुटुंबाला मिळणारे उत्पन्न 24 टक्क्यांनी वाढले होते आणि गळती सुमारे 41 टक्क्यांनी घटली होती. सरकारचा खर्च जवळपास तेवढाच राहिला होता, म्हणजे पूर्वी वाटेत जिरणारा पैसा आता घरापर्यंत पोहोचत होता.

दुसरा अभ्यास झारखंडमधला. तेथे रेशन दुकानातील ई-पॉस यंत्रावर आधारशी ठसा जुळल्याशिवाय धान्य न देण्याची पद्धत 2016 नंतर लागू झाली आणि तिचीही परीक्षा सोडतीनेच, दीड कोटी लाभार्थ्यांच्या प्रदेशात झाली. यंत्र तसेच, ठसा तसाच, पण निष्पत्ती उलटी निघाली. नुसत्या ठशाच्या सक्तीमुळे गळतीत म्हणण्यासारखी घट झाली नाही. ज्यांचे आधार आधी जोडलेले नव्हते अशा सुमारे 23 टक्के लाभार्थ्यांना मिळणारे धान्य मात्र 10 टक्क्यांनी कमी झाले. पुढे दुकानदाराला द्यायच्या कोट्यातून यंत्रात नोंदलेली शिल्लक वजा करण्याची पद्धत आली, तेव्हा गळती खरोखर मोठ्या प्रमाणात घटली, पण त्याबरोबर पात्र कुटुंबांच्या वाट्याचे धान्यही घटले.

हा फरक का पडला याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आंध्रमध्ये यंत्राने पैसे गावात आणले आणि ज्याच्याकडे कार्ड नव्हते त्याला जुन्या वाटेने पैसे मिळत राहिले. तेथे रचनेचा हेतूच मजुराची सोय हा होता. झारखंडमध्ये खर्चाची बचत हा हेतू पुढे होता आणि ठसा न जुळण्याचा सगळा भार लाभार्थ्यावर पडला. कागदावर दोन्ही सुधारणांचे वर्णन एकाच वाक्यात बसते, आणि खात्याच्या तक्त्यात दोन्ही सारख्याच यशस्वी दिसल्या असत्या. यावरून माझे म्हणणे असे आहे की कोणतीही सुधारणा राज्यभर लागू करण्याआधी काही तालुक्यांत सोडतीने करून पाहावी, आणि ती चालली की नाही हे सेवा घेणाऱ्याला विचारून ठरवावे. आपले अनुभव आणि आक्षेप, दोन्ही वाचायला आवडेल.


दप्तरी

लेख चांगला आहे. मी जिल्हा परिषदेत लिपिकापासून सुरुवात करून आयुष्य काढले आहे, त्यामुळे कार्यालयाच्या आतून काय दिसते तेवढेच लिहितो. वरून जो आकडा मागितला जातो तो खालून तयार होतो, हा माझा अनुभव आहे. आपल्या राज्यात 2005 चा बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा अधिनियम आहे. त्यानुसार कोणतीही नस्ती, म्हणजे फाईल, एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. कायदा उत्तम आहे आणि तो करणाऱ्यांचा हेतूही प्रामाणिक होता. प्रत्यक्षात काय होते ते मी टेबलावर पाहिले आहे. सहाव्या दिवशी नस्तीवर 'सविस्तर अहवालासह फेरसादर करावे' असा शेरा पडतो आणि ती खाली जाते. खालचा माणूस एक कागद जोडून पुन्हा वर पाठवतो. प्रत्येक टेबलावर सात दिवसांची मर्यादा पाळली जाते, आणि अर्जदार तीन महिन्यांनी विचारायला येतो तेव्हा त्याची नस्ती नियमाप्रमाणे फिरत असते. नस्ती एका टेबलावर किती दिवस होती हे मोजले गेले, अर्जदाराला उत्तर किती दिवसांनी मिळाले हे मोजले गेले नाही.

मनरेगाच्या हजेरीसाठी आलेल्या मोबाइल ॲपचेही तेच झाले. कामाच्या ठिकाणी मजुरांची दिवसातून दोन वेळा छायाचित्रे काढून चढवायची, म्हणजे बोगस हजेरी थांबेल अशी कल्पना होती. जुलै 2025 मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून सांगावे लागले की असंबद्ध छायाचित्रे चढवली जात आहेत आणि छायाचित्राचेच छायाचित्र काढून हजेरी लावली जात आहे. छायाचित्र मागितले होते, छायाचित्र मिळाले.

तरीही सगळे निराशाजनक आहे असे मी म्हणणार नाही. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची मांडणी बदलली, जुने अभिलेख वर्गवारीने लावून घेतले आणि आलेल्या माणसाला कोणाकडे जायचे ते दारातच कळेल अशी व्यवस्था केली. 'लखिना पॅटर्न' हे नाव आम्हा कर्मचाऱ्यांच्या तोंडी पुढे कितीतरी वर्षे होते. गठ्ठ्यातला कागद दहा मिनिटांत सापडू लागला की 'उद्या या' म्हणण्याचे कारणच उरत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की अशी गोष्ट अधिकारी बदलून गेल्यावर टिकत का नाही, याचे उत्तर तुमचे संशोधन देते का?


आकडेमोड

मी संख्याशास्त्र शिकवतो. माणदेशी यांनी सोडतीचा उल्लेख केला आहे, पण सोडत का हवी हे थोडे उलगडून सांगितले पाहिजे, कारण 'आधी असे होते, नंतर असे झाले' या तुलनेवर आपल्याकडे फार विश्वास टाकला जातो. समजा एखाद्या जिल्ह्यात नवी पद्धत आली आणि त्याच वर्षी पाऊस उत्तम झाला. शेतात काम मिळाल्याने रोजगार हमीवर येणारे मजूर कमी झाले, कार्यालयावरचा ताण घटला आणि मजुरी वेळेवर निघू लागली. अहवालात श्रेय नव्या पद्धतीला मिळेल. पुढच्या वर्षी दुष्काळ पडला की तीच पद्धत कोलमडेल आणि दोष तालुक्याच्या कर्मचाऱ्यांवर येईल. सोडतीने निवडलेल्या दोन गटांत पाऊस, निवडणूक, बाजारभाव हे सगळे सरासरीने सारखेच असते, म्हणून उरलेला फरक पद्धतीचा मानता येतो. उत्साही तहसीलदार असलेले तालुके निवडून प्रयोग केला तर आपण तहसीलदार मोजतो, पद्धत मोजत नाही.

आंध्रच्या निष्कर्षांबद्दल एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. दोन वर्षांनंतरही निवडलेल्या मंडलांमध्ये सुमारे निम्मीच देयके नव्या पद्धतीने होत होती, आणि वर दिलेले परिणाम या अर्धवट अंमलबजावणीचे आहेत. प्रयोगशाळेत उत्तम चालणारी गोष्ट खऱ्या राज्ययंत्रणेत, तिच्या सगळ्या त्रुटींसह, किती चालते हे त्यातून कळले, आणि म्हणूनच मला तो अभ्यास मोलाचा वाटतो.

याच जातीचा बिहारचा एक अभ्यास आहे. अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो, क्लेमां अँबेर, संतोष मॅथ्यू आणि रोहिणी पांडे यांनी 2012-13 मध्ये तेथील मनरेगाच्या निधीचा प्रवास बदलून पाहिला. वरच्या अधिकाऱ्यांच्या मंजुरीच्या पायऱ्या काढल्या आणि प्रत्यक्ष झालेल्या कामाची नोंद केल्यावरच पंचायतीला पैसे सुटतील असे केले. योजनेचा खर्च 24 टक्क्यांनी घटला आणि लोकांना प्रत्यक्ष मिळालेले काम कमी झाले नाही. खोट्या कुटुंबांच्या नावांवरचा पैसा गळून पडला. येथे कोणाला शिक्षा केली नव्हती, फक्त पैशाचा रस्ता बदलला होता.


विदर्भवासी

मला या पद्धतीबद्दल मूलभूत आक्षेप आहे आणि तो स्पष्ट मांडतो. झारखंडमध्ये ज्या 23 टक्के लोकांचे धान्य कमी झाले ते आकडे नाहीत, ती घरे आहेत. सोडत काढून काही तालुक्यांतल्या गरिबांवर एक पद्धत लादायची आणि काहींना थांबवायचे, मग फरक मोजायचा, हे नैतिकदृष्ट्या कसे बसते? शहरी मध्यमवर्गाच्या गॅस जोडणीवर किंवा पासपोर्टवर असे प्रयोग फारसे कोणी करत नाही. प्रयोग नेहमी ज्याच्याकडे तक्रार करायची ताकद नाही त्याच्यावर होतात.


माणदेशी

विदर्भवासी, आपला आक्षेप गंभीर आहे आणि मी तो टाळणार नाही. झारखंडमध्ये ठशाची सक्ती संशोधकांनी लादली नव्हती, ती करण्याचे सरकारने ठरवलेच होते. यंत्रे एकाच दिवशी सगळीकडे बसू शकत नव्हती, म्हणून कोणाला आधी व कोणाला नंतर हा क्रम कोणत्या तरी रीतीने ठरणारच होता. तो सोडतीने ठरला, आणि त्यामुळेच नुकसान किती झाले याचा कोणी नाकारू शकणार नाही असा पुरावा तयार झाला. हा अभ्यास झाला नसता तर ते धान्य तेवढेच कमी झाले असते आणि कागदावर ती 'बनावट लाभार्थी हटवल्याने झालेली बचत' म्हणून नोंदली गेली असती. माझी तक्रार अशी आहे की प्रयोगाचा निकाल येण्याची वाट न पाहता पद्धत पुढे रेटली गेली. प्रयोग करायचा तर त्याच्या निकालाने निर्णय फिरवण्याची तयारी आधी हवी, येथे मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे.

आंध्रमध्ये ती तयारी दिसली. स्मार्टकार्डमुळे ज्यांचा मधला वाटा बुडाला त्यांच्या तक्रारी वरपर्यंत पोहोचत होत्या, आणि समाधानी मजूर मात्र जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यायला जात नव्हता. त्यामुळे राजधानीत ऐकू येणारा सूर योजनेच्या विरोधात होता. घरोघरच्या पाहणीत 90 टक्क्यांहून अधिक वापरकर्त्यांनी नवी पद्धत बरी असल्याचे सांगितले, आणि ती चालू ठेवण्याच्या बाजूने हा पुरावा उभा राहिला.

दप्तरी यांचा प्रश्न राहिला. सुधारणा टिकत का नाहीत याचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके उत्तर राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात सापडते. तेथे सेवा मंदिर या संस्थेने दोन वेगवेगळे प्रयोग केले. पहिल्यात संस्थेच्या एकशिक्षकी अनौपचारिक शाळांमधील शिक्षकांना कॅमेरा दिला. दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी मुलांसह छायाचित्र काढायचे आणि जितके दिवस शाळा भरली त्यानुसार पगार मिळायचा. शिक्षकांची गैरहजेरी 42 टक्क्यांवरून 21 टक्क्यांवर आली. दुसऱ्यात त्याच जिल्ह्यातील सरकारी उपकेंद्रांच्या परिचारिकांना तारीख आणि वेळ उमटवणारे यंत्र दिले, ठरलेल्या दिवशी नोंदवहीत तीन वेळा शिक्का मारायचा आणि गैरहजेरीबद्दल पगार कापायचा असे आरोग्य विभागाने मान्य केले. सुरुवातीला हजेरी जवळपास दुप्पट झाली. सोळा महिन्यांनंतर काहीही फरक उरला नव्हता. परिचारिका उघडपणे गैरहजर राहू लागल्या असे घडले नाही. नोंदवहीत 'सूट दिलेले दिवस' वाढत गेले. बैठक, शिबिर, दौरा अशी कारणे दाखवून वरच्या अधिकाऱ्यांनीच त्यांना मोकळे केले.

जिल्हा तोच, संस्था तीच, तंत्रही जवळपास तेच. कॅमेऱ्याने दिलेल्या माहितीवर संस्था दर महिन्याला कृती करत होती, आणि शिक्क्याने दिलेली माहिती आरोग्य यंत्रणेला नकोशी झाली होती. लखिना पॅटर्न साहेब गेल्यावर विरतो तो मला वाटते याच कारणाने. मागे राहिलेल्या साखळीत ती माहिती कोणाला हवी होती, हा प्रश्न प्रत्येक सुधारणेच्या आरंभीच विचारला पाहिजे.


सेविकेची लेक

माझी आई अंगणवाडी सेविका आहे, म्हणून ही चर्चा कर्मचाऱ्याच्या हजेरीवर आणि कामचुकारपणावर येऊन थांबू नये असे मला मनापासून वाटते. सकाळी मुले येण्याआधी आईचा दिवस सुरू होतो. मुलांचे वजन आणि उंची, पोषण आहाराचा हिशेब, गरोदर मातांच्या गृहभेटी, लसीकरणाच्या दिवशी नर्सताईंना मदत, शिवाय वेळोवेळी येणारी सर्वेक्षणे. तिच्या मांडीवर एक रजिस्टर, बाजूला दुसरे आणि हातात मोबाइल असे चित्र मी लहानपणापासून पाहत आले आहे. ॲपवर नोंद झाली तरी रजिस्टर लिहायचे थांबत नाही, कारण तपासणीला येणाऱ्या मॅडम रजिस्टर मागतात. मुलांना गाणी, गोष्टी, रंग यांसाठी किती वेळ उरतो, ते तुम्हीच ठरवा. 2021 मध्ये महाराष्ट्रातील हजारो सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले, तेव्हा त्यामागे तंत्रज्ञानाचा तिटकारा नव्हता. ते फोन चालतच नव्हते आणि दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या अंगावर पडत होता.

माणदेशी यांना विचारावेसे वाटते की कर्मचाऱ्यांवर लक्ष ठेवण्यावर एवढे संशोधन होते, मग माणसे कमी आहेत यावर कोणी प्रयोग केला आहे का?


माणदेशी

केला आहे, आणि त्याचा निकाल आपल्या आईंच्या बाजूचा आहे. तामिळनाडूमध्ये अलेहांद्रो गनिमियन, कार्तिक मुरलीधरन आणि क्रिस्तोफर वॉल्टर्स यांनी 640 अंगणवाड्यांचा अभ्यास केला. त्यांतील सोडतीने निवडलेल्या केंद्रांना केवळ बालशिक्षणासाठी अर्धवेळ काम करणारी एक जादा कार्यकर्ती दिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांचे गणित आणि भाषा स्पष्टपणे सुधारले. त्याहून लक्षणीय गोष्ट म्हणजे मूळ सेविकेला आरोग्य आणि पोषणाच्या कामाला वेळ मिळाल्याने खुजेपणा आणि कुपोषणही कमी झाले.

गटविकास अधिकाऱ्यांबद्दल आदित्य दासगुप्ता आणि देवेश कपूर यांचे काम 2020 मध्ये प्रसिद्ध झाले आहे, आणि माझ्या मते प्रत्येक जिल्हा परिषद सदस्याने ते समजून घ्यावे. जेथे जबाबदाऱ्यांच्या मानाने माणसे आणि साधने जास्त आहेत तेथे रोजगार हमीचे काम चांगले होते, आणि जेथे कमी आहेत तेथे अधिकाऱ्याचा दिवस समोर आलेली आग विझवण्यात जातो, देखरेख आणि नियोजन मागे पडते. आपल्याकडे रिक्त पदांची चर्चा बहुधा बेरोजगारीच्या अंगाने होते, सेवेच्या अंगाने फार कमी होते.

मात्र देखरेख निरुपयोगी आहे असाही याचा अर्थ काढू नये. 2003 मध्ये देशभरातील सरकारी प्राथमिक शाळांना पूर्वसूचना न देता भेटी दिल्या, तेव्हा चारातील एक शिक्षक शाळेत नव्हता. महाराष्ट्रात हे प्रमाण 14.6 टक्के होते, म्हणजे पाहणीतल्या राज्यांमध्ये सर्वांत कमी. 2010 मध्ये खेड्यांतील शाळांची पुन्हा पाहणी झाली. तिच्या आधारे संशोधकांनी असा अंदाज मांडला की प्रत्यक्ष वर्गात एका शिक्षकामागे असणारी मुलांची संख्या कमी करायची असेल, तर नवे शिक्षक नेमण्यापेक्षा नियमित तपासणी दहा पटींहून अधिक किफायतशीर ठरते. अंगणवाडीत माणूस कमी आहे आणि शाळेत तपासणी कमी आहे, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. कोठे काय कमी आहे हे पाहिल्याशिवाय कळत नाही.


थेम्सकाठ

मी लंडनमध्ये राहतो, म्हणून इकडच्या अनुभवाची थोडक्यात भर घालतो. ब्रिटिश सरकारने 2010 मध्ये लोकांच्या वर्तनाचा अभ्यास करून सेवा सुधारण्यासाठी एक खास गट स्थापन केला. त्याच्या एका चाचणीत वाहन कर भरून झाल्यावर दिसणाऱ्या संकेतस्थळाच्या पानावर अवयवदानाच्या आवाहनाचे आठ वेगवेगळे मजकूर दहा लाखांहून अधिक लोकांना दाखवले गेले. हसऱ्या माणसांच्या समूहाचे छायाचित्र जोडलेला मजकूर छायाचित्र नसलेल्या साध्या मजकुराहूनही कमी पडला. 'तुम्हाला अवयवाची गरज पडली तर तुम्ही तो घ्याल का' असे विचारणारा मजकूर सर्वांत प्रभावी ठरला. चाचणी घेतली नसती तर बैठकीत बहुधा छायाचित्रच निवडले गेले असते.

पण अशा छोट्या उपायांकडून अवास्तव अपेक्षा ठेवू नयेत. स्तेफानो देलाविन्या आणि एलिझाबेथ लिनोस यांनी अमेरिकेतील सरकारी गटांच्या 126 चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा सरासरी परिणाम 1.4 टक्केबिंदूंचा, म्हणजे शंभर माणसांमागे जेमतेम एक-दीड माणसाचा निघाला. विद्वानांच्या नियतकालिकांत छापून आलेल्या चाचण्यांमध्ये तोच 8.7 दिसतो. छापून येते ते निवडून येते, हे वाचकाने ध्यानात ठेवलेले बरे.


दप्तरी

उदयपूरच्या 'सूट दिलेल्या दिवसां'बद्दल वाचून मला आपला 2015 चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आठवला. कायद्यात प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत आहे, दोन अपिले आहेत, वर आयोग आहे आणि दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड आहे. पण मुदतीचे घड्याळ सुरू होते ते परिपूर्ण अर्ज स्वीकारल्यापासून. माझ्या परिचयातील एका शेतमजुराला मुलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. एका कार्यालयाच्या खिडकीवर त्याला प्रथम सांगितले की रेशनकार्डाची प्रत अस्पष्ट आहे, नंतर स्वयंघोषणापत्राचा नमुना जुना आहे, नंतर तलाठ्याचा अहवाल आण. प्रत्येक वेळी एक दिवसाची मजुरी बुडाली आणि कोणत्याही वेळी त्याच्या हाती पोच पडली नाही. शेवटी अर्ज घेतला आणि दाखला मुदतीत दिला. त्या कार्यालयाच्या मासिक विवरणपत्रात हे प्रकरण 'विहित मुदतीत निकाली' असे गेले असणार, आणि ते विवरणपत्र खोटे नव्हते.

यावर उपाय म्हणून माझा एकच आग्रह आहे. अर्ज अपुरा असला तरी तो घ्यावा, पोच द्यावी आणि सगळ्या त्रुटी एकाच वेळी लेखी कळवाव्यात. दिल्लीतील झोपडवस्तीत लिओनिद पैसाखिन आणि पॉल पिंटो यांनी रेशनकार्डाच्या अर्जांवर केलेल्या प्रयोगाबद्दल मी वाचले आहे. ज्यांनी अर्जानंतर माहिती अधिकारात आपल्या अर्जाचे काय झाले ते विचारले, त्यांना लाच देणाऱ्यांच्या जवळपास तितक्याच लवकर कार्ड मिळाले. नुसता अर्ज करून थांबलेले मात्र फार मागे राहिले. लेखी कागद हातात असला की गरीब माणसाचीही दखल घ्यावी लागते, हे मी नोकरीत अनेकदा पाहिले आहे.


माणदेशी

दप्तरी यांनी मांडलेला प्रसंग हाच माझ्या मते महाराष्ट्रात पहिला प्रयोग करण्याजोगा विषय आहे. तेलंगणात 2018 मध्ये रयतु बंधू योजनेत शेतकऱ्यांना एकरी 4000 रुपयांचे धनादेश मंडल कृषी अधिकाऱ्यांमार्फत वाटायचे होते. सोडतीने निवडलेल्या मंडलांतील अधिकाऱ्यांना फक्त एवढेच कळवले गेले की तुमच्या भागातील शेतकऱ्यांना फोन करून धनादेश मिळाला का, कधी मिळाला, हे विचारले जाईल आणि त्यावरून तुमचे काम मोजले जाईल. धनादेश न मिळालेल्या शेतकऱ्यांची संख्या 7.8 टक्क्यांनी कमी झाली. जादा पोहोचलेल्या प्रत्येक 100 रुपयांमागे या फोनव्यवस्थेचा खर्च सुमारे 3 रुपये 60 पैसे आला. नवे यंत्र, नवे ॲप, नवे रजिस्टर यांपैकी काही लागले नाही, आणि सेविकेच्या मांडीवर आणखी एक वही पडली नाही. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

असेच फोन दाखल्यांसाठी करता येतील. अडचण एक आहे. दाखला मिळालेल्यांचे क्रमांक संगणकावर असतात, त्यांना फोन केला तर सगळे समाधानी निघतील. खिडकीवरून परत गेलेल्याचा क्रमांक कोठेच नसतो. म्हणून निवडलेल्या तालुक्यांमध्ये अर्ज तपासण्याआधीच, दारात, आलेल्या प्रत्येकाचे नाव, फोन क्रमांक आणि काम नोंदवून चिठ्ठी द्यावी. फोनसाठी नावे त्या यादीतून निवडावीत.


विदर्भवासी

कल्पना पटते, पण तेलंगणाचे फोन ज्यांच्याकडे जमीन आणि मोबाइल दोन्ही आहेत अशांना गेले होते, हे विसरू नका. गडचिरोलीत किंवा मेळघाटात ज्या आजीला निवृत्तिवेतन मिळत नाही, तिच्याकडे फोन नाही आणि ती तहसीलच्या दारापर्यंत पोहोचतही नाही. गाडीभाडे परवडत नाही म्हणून ज्याने जायचेच सोडून दिले, तो तुमच्या दारातल्या यादीतही येणार नाही. झारखंडचे नुकसान कळले ते पाहणी करणारे घरोघरी गेले म्हणून. फोनबरोबर काही गावांत घरोघरची पाहणी केली नाही तर सर्वांत वंचित माणूस पुन्हा मोजणीबाहेर राहील.


आकडेमोड

विदर्भवासी यांची सूचना खर्चिक वाटते, पण तितकी नाही. फोन सर्व निवडक तालुक्यांत करावेत आणि घरोघरची पाहणी त्यांतील थोड्याच गावांत करावी. दोन्ही उत्तरांत किती तफावत पडते ते एकदा कळले की फोनवरच्या आकड्याला किती दुरुस्ती लावायची याचा अंदाज येतो. गावातील घरे मतदार यादीतून सोडतीने निवडावीत, योजनेच्या लाभार्थी यादीतून निवडू नयेत, कारण जो यादीत नाही त्यालाच आपण शोधतो आहोत.

आणखी एक व्यावहारिक बाब. दाखल्यांची झुंबड जून-जुलैमध्ये, प्रवेशाच्या काळात असते. मोजणी फक्त तेव्हाच केली तर सगळेच तालुके वाईट दिसतील, फक्त नोव्हेंबरात केली तर सगळेच चांगले. दोन्ही हंगामांत, दोन्ही गटांत, तेच प्रश्न विचारावेत. त्यातला पहिला प्रश्न 'दाखला किती दिवसांत मिळाला' असा नसावा, 'या कामासाठी तुम्ही एकूण किती वेळा आलात आणि किती दिवसांची मजुरी बुडाली' असा असावा.